फुटलेली बोन्साय कुंडी: उरुशी आणि सोने की इपॉक्सी?

जपानमधल्या तोकोनामे या कुंभारकामासाठी प्रसिद्ध शहरातली बोन्साय कुंडी काठाशी दुभंगल्यामुळे ती किंत्सुगीने (उरुशी नावाच्या रोगणाने तुकडे जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावण्याच्या जपानी पद्धतीने) सांधावी की इपॉक्सी या कृत्रिम गोंदाने, असा पेच एका मैत्रिणीला पडला आहे.

वेळेच्या बाबतीत दोन्हींची बरोबरी होत नाही. उरुशी हा झाडाचा चीक आहे, आणि तो गव्हाच्या पिठात कालवून तुकडे जोडतात. तो सुकून नव्हे, तर सुमारे ७५ टक्के दमटपणात आणि २५ अंशांच्या आसपासच्या उबेत घट्ट होतो, त्यामुळे जोड, लुकण, लेप आणि शेवटी ओलसर लेपावर रेशमाच्या बोळ्याने हलकेच टेकवलेली सोन्याची पूड, एवढ्याला दोन-तीन महिने सहज लागतात. इपॉक्सी मात्र दिवसभरात पक्के होते आणि स्वस्तही पडते. शिवाय कच्च्या उरुशीने अंगावर खाजरे पुरळ उठते, म्हणून हातमोजे हवेतच.

टिकाऊपणाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. उन्हाने उरुशी निस्तेज होते, तसे इपॉक्सीही पिवळे पडते. इपॉक्सी अन्नासाठी सुरक्षित नसल्याचा, खाण्याच्या भांड्यांबाबत घेतला जाणारा आक्षेप कुंडीला लागू होत नाही.

माझ्या मते, बाराही महिने उघड्यावर झाड वाढवणाऱ्या कुंडीला स्वस्त आणि झटपट होणारे इपॉक्सीच योग्य. कारागिराची मोहोर असलेली जुनी कुंडी केवळ प्रदर्शनापुरती वापरायची असेल, तर उरुशीच करावी.