बफरच्या नावाखाली गळ्यात मारलेला डबा

पुण्यात एका विक्रेत्याने मला इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलबोर्डसाठी (आवाज बदलणारी पेडल एकत्र बसवलेली फळी) 'हाताने बनवलेला बफर' म्हणून 8,500 रुपयांना एक डबा विकला आणि त्यात बफर नव्हताच. बफर म्हणजे गिटारचा कमकुवत सिग्नल लांब केबलमधूनही न बिघडता पुढे पाठवणारे छोटे सर्किट. बफर उत्तम चालत असला तरी तो स्वतःचा असा वेगळा आवाज देत नाही, त्यामुळे या वस्तूच्या बाबतीत फसवणूक करणे फार सोपे असते आणि ती उघडकीस येणे तितकेच अवघड. म्हणूनच हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

माझी गरज खरी होती. गिटारपासून बोर्डापर्यंत 5 मीटर, बोर्डापासून ॲम्पपर्यंत (ॲम्प्लिफायर) 5 मीटर आणि पेडल एकमेकांना जोडणाऱ्या मधल्या पॅच केबल धरून एकूण सुमारे 13 मीटर केबल माझ्याकडे वापरात आहे. सगळी पेडल ट्रू बायपासची, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ तारेतून पुढे जाऊ देणारी, असल्यामुळे ती बंद असताना या संपूर्ण लांबीचा भार थेट पिकअपवर, म्हणजे तारांचे कंपन सिग्नलमध्ये बदलणाऱ्या गिटारच्या भागावर, पडतो. केबलच्या दर मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरला, तर 2.5 हेन्रीच्या सिंगल कॉइल पिकअपचा अनुनाद (ज्या वारंवारतेवर त्याचा आवाज सर्वात ठळक असतो), जो 5 मीटर केबलवर 4 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तो 13 मीटरवर 2.7 किलोहर्ट्झपर्यंत खाली घसरतो आणि तारांची खणखण निघून जाते. पेडलच्या साखळीच्या सुरुवातीला 1 मेगाओम इनपुट इम्पीडन्सचा, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला मोठा विद्युत विरोध असलेला आणि म्हणून पिकअपवर भार न टाकणारा, बफर बसवला की पिकअपला फक्त पहिली 5 मीटर केबल दिसते, आणि बफरचा आउटपुट इम्पीडन्स अगदी कमी असल्यामुळे पुढची केबल तो सहज हाकतो.

विक्रेत्याने हे सगळे मला बरोबर समजावून सांगितले, आणि त्यामुळेच त्याच्या पुढच्या दाव्यांवर विश्वास बसला. हा बफर साखळीत कुठेही लावला तरी 'गेलेला टोन परत येतो' असे तो म्हणाला. हे साफ खोटे आहे, कारण बफरच्या आधीच्या केबलमध्ये जे गेले ते बफर परत आणू शकत नाही. मग त्याने त्याच्याच ॲम्पवर डब्याशिवाय आणि डब्यासह असे दोनदा वाजवून दाखवले. फरक स्वच्छ ऐकू येत होता. मात्र डब्याशिवाय वाजवताना त्याने वेटोळे केलेली लांब केबल जोडली होती आणि डबा लावताना, जोडणी सोपी जावी असे सांगून, दोन्ही बाजूंना आखूड केबल घेतल्या होत्या. जो फरक ऐकू आला तो केबलचा होता.

घरी माझ्या नेहमीच्या केबलवर डबा लावला, तर आवाज होता तसाच बोथट. त्याला विचारले असता उत्तर मिळाले की खरा पारदर्शक बफर ऐकूच येत नाही. आखूड केबलवर हे बऱ्याच अंशी खरे असते, पण 13 मीटरवर ते लागू होत नाही. अखेर वाजवता वाजवता ॲडाप्टरची पिन काढली, आणि आवाजात तसूभरही फरक पडला नाही. बफरमध्ये ऑप-ॲम्प (सिग्नल हाताळणारी आयसी) किंवा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला चालायला वीज लागते. डब्याला बायपासचे बटण नसेल तर वीज तोडताच आवाज बंद पडायला किंवा फाटायला हवा. मागची पट्टी उघडली तेव्हा आत काळ्या इपॉक्सीचा घट्ट गोळा दिसला, आणि 9 व्होल्टच्या जॅकपासून निघालेल्या तारा फक्त एका रेझिस्टरला आणि एलईडीला जोडलेल्या होत्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके तारेने थेट जोडलेली असतील तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून इनपुट आणि आउटपुट जॅकच्या टोकांना टेकवला, तर तो लगेच वाजला. खऱ्या बफरच्या मार्गात मीटरचा एकदिश प्रवाह अडवणारे कपॅसिटर असतात, त्यामुळे तिथे मीटर असा वाजत नाही. इपॉक्सीखाली एक सरळ तार होती.

सर्किट कोणी चोरू नये म्हणून इपॉक्सी ओततात, हे कारण मी इतरांकडूनही ऐकले आहे. पण साध्या बफरमध्ये चोरण्यासारखे काही नसते. टीएल072 सारखी आयसी आणि मूठभर सुटे भाग बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अगदी किरकोळ पैशांत मिळतात. पैसे परत मागितल्यावर 'डबा उघडल्यामुळे वॉरंटी संपली' असे सांगून त्याने फोन घेणे बंद केले. बिल त्याने दिलेच नव्हते. यूपीआयची नोंद आणि त्याचे दाव्यांचे संदेश जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे; पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

बफर विकत घेणार असाल तर आधी बोर्डावर काय आहे ते पाहा. बॉस कंपनीचे बहुतेक छोटे पेडल बंद असतानाही बफर म्हणूनच काम करतात, त्यामुळे तसा एखादा ट्यूनर (तारा सुरात लावायचे पेडल) सुरुवातीला असेल तर वेगळ्या बफरची बहुधा गरजच नाही. जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरून आवाज फाटका करणारे पेडल) वापरत असाल तर तो बफरच्या आधी ठेवा, नाहीतर त्याचा आवाज कर्कश होतो. घ्यायचाच असेल, तर स्वतःची लांब केबल घेऊन जा, दोन्ही वेळा तीच वापरायला लावा आणि पैसे देण्यापूर्वी ॲडाप्टर काढून दाखवायला सांगा. विक्रेता यापैकी कशालाही नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.