रविवारचा बुलबुल-गाइडचा ग्रुप, आठ महिन्यांचा अनुभव (मुलींच्या आयांनी वाचाच)

आधीच सांगते की मी या ग्रुपची कोणी लागत नाही, मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही, आणि मी स्वतः शाळेत असताना एनसीसी पण नाही आणि गाइड पण नाही, पीटीच्या तासाला सुद्धा झाडाखाली बसणाऱ्यांपैकी. पण इंदौरच्या राजेंद्र नगर, सुदामा नगर, अन्नपूर्णा साइडच्या दोन-तीन जणींनी विचारलं की तुझ्या मुली रविवारी स्कार्फ घालून कुठे जातात ग, मग म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

माझ्या दोघी, धाकटी सात वर्षांची आणि थोरली बारा. थोरलीचं असं झालं होतं की शाळा, कोचिंग, मोबाइल, झोप. बिल्डिंगमध्ये तिच्या वयाची मुलगीच नाही, सगळी पोरं, ती खाली क्रिकेट खेळतात आणि हिला घेत नाहीत. धाकटी तर थोरलीची शेपटीच, आणि थोरलीला ती नको. दोघींना एकत्र पाठवता येईल असा एकही क्लास इंदौरमध्ये मिळत नव्हता, खोटं नाही सांगत, डान्सला वेगळी बॅच, ड्रॉइंगला वेगळी, म्हणजे माझी ॲक्टिवा नुसती चक्कर मारून राहिली. मग माझ्या नणंदेच्या मुलीने सांगितलं, ती सतरा वर्षांची आहे आणि रेंजर, म्हणजे यांच्यातल्या मोठ्या मुलींपैकी आहे, की मामी आमच्याकडे सगळ्या वयाच्या एकत्र येतात, पाठवून तर बघा.

तर हा भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या पद्धतीने चालणारा मुलींचा ग्रुप आहे, कुठल्या एका शाळेचा नाही, कोणत्याही शाळेतली मुलगी येऊ शकते. दर रविवारी सकाळी साडेआठ ते अकरा. त्यात वयाप्रमाणे भाग आहेत, साधारण पाच ते दहाच्या बुलबुल, दहा ते सतराच्या गाइड, आणि त्याच्या पुढच्या रेंजर, त्या पंचविशीपर्यंत राहू शकतात. माझी धाकटी बुलबुल, थोरली गाइड, भाची रेंजर, म्हणजे आमचं खानदानच भरती झालं म्हणा. बुलबुलना पंख मिळतात, म्हणजे बॅज, कोमल पंख, मग रजत, स्वर्ण आणि शेवटी हीरक. गाइडना आधी प्रवेश, मग प्रथम सोपान (सोपान म्हणजे पायरी), द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार. धाकटी कोमल पंखावर आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते की तुम्हाला कोणता पंख आहे, सिलिंडरवाल्या भैय्यालाही विचारून झालं.

पहिल्या दिवसाचं सांगते कारण माझं मत तिथेच बनलं. आम्ही आया मागे खुर्च्यांवर बसलो होतो. समोर सात-आठ मुलींची टोली, टोली नायिका म्हणून एक चौदा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, आवाज एकदम हळू. तिच्या पुढ्यात माझी धाकटी दोरीचे दोन तुकडे घेऊन बसलेली. त्या दिवशी छोट्या-मोठ्या सगळ्यांना एकत्र गाठी शिकवत होत्या. रीफ नॉट, यांच्यात तिला डॉक्टरी गाठ पण म्हणतात कारण पट्टी बांधायला वापरतात, चपटी बसते, टोचत नाही. आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, एवढंच आहे. पण धाकटी दर वेळी दोन्हीदा उजवंच वर घ्यायची, म्हणजे जी आपण सगळेजण पिशवीला मारतो तीच चुकीची गाठ, जी एक तर सुटते नाही तर अशी बसते की दाताने सोडावी लागते. मी बघतेय, बघतेय, पाच मिनिटं झाली, दहा झाली, तिचे ओठ थरथरायला लागले, आता ही रडणार, मी उठलेच. तर मागून दीदींनी (तिथे शिकवणाऱ्या बाईंना, म्हणजे गाइड कॅप्टनला, सगळ्या दीदीच म्हणतात, मराठी असो सिंधी असो) माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'आंटी, आप बैठिए.' बस एवढंच. मला राग आला खरं तर, माझी मुलगी आहे. पण बसले. आणि ती चौदा वर्षांची मुलगी काय करते, तिने धाकटीच्या हातातली दोरी घेतलीच नाही, आपली दुसरी दोरी काढली आणि तिच्या शेजारी बसून स्वतः चुकीची गाठ मारली, ओढली, सुटली, 'अरे, माझी पण सुटली' म्हणाली. धाकटी लगेच तिला दाखवायला लागली की तू इथे चुकलीस बघ. आणि दाखवता दाखवता तिची बरोबर बसली.

मी शपथेवर सांगते, हे मी पैसे देऊन लावलेल्या एकाही क्लासमध्ये बघितलेलं नाही. मोठी माणसं तिथे आहेत, लक्ष पण असतं, पण हात घालत नाहीत, लहान मुलींना सांभाळतात त्या थोड्या मोठ्या मुली, आणि त्यांना सांभाळतात त्यांच्याहून मोठ्या. सगळा कारभार त्याच्यावर चाललाय.

आता घरची परिस्थिती अशी की डायनिंग टेबलच्या पायाला खूंटा फांस, म्हणजे क्लव्ह हिच, फ्रिजच्या हँडलला जुलाहा गाठ, ती जाड दोरी बारीक दोरीला जोडायला असते, आणि एकदा सासूबाईंच्या कमरेला ध्रुव गाठ मारून त्यांना 'विहिरीतून' वाचवलं, त्या गाठीचा फास आवळत नाही म्हणून माणसाला ओढायला तीच वापरतात असं त्यांना वर समजावून पण सांगितलं. सासूबाईंचा आधी या सगळ्याला विरोध होता. कारण पहिल्याच रविवारी धाकटीने येऊन त्यांच्यापुढे डावा हात केला. गाइडमध्ये डाव्या हाताने हात मिळवतात. आमच्याकडे डाव्या हाताने प्रसाद घेतला तरी अर्धा तास ऐकावं लागतं, त्यामुळे 'हे काय शिकवतात ग तिथे' सुरू झालं. धाकटी म्हणाली आजी, डावा हात काळजाकडचा असतो ना. आता त्या रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की हिच्याशी डावा हात मिळवतात, आम्हाला अजून मिळालेला नाही.

एक गोष्ट मला तिथे कळली आणि फार भारी वाटली. भारतात गाइडची सुरुवात १९११ साली झाली ती आपल्या मध्य प्रदेशात, जबलपूरला. इंग्लंडमध्ये १९१० ला सुरू झालं आणि वर्षभरात जबलपूर, पण तेव्हा ते गोऱ्यांच्या मुलींपुरतंच होतं, आपल्या मुलींना नंतर घेतलं. आणि दुसरं म्हणजे गाइडची जगभरात पाच विश्व केंद्रं आहेत, त्यातलं एक पुण्यात, संगम नावाचं, १९६६ पासून. माझी आत्या विश्रांतवाडीला राहते, मी लहानपणापासून प्रत्येक मे महिन्यात तिच्याकडे जाते, आळंदी रोडने शंभर वेळा गेले असेन आणि मला पत्ता नाही, आता थोरली म्हणते आत्याआजीकडे जायचं तर त्याच्यासाठीच जायचं. मोठ्या मुलींना वेगळीच ओढ आहे, पचमढीची, तिथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. भाची तिथे राहून आलीय तर ती बोलताना असं सांगते जशी काय एव्हरेस्टवरून आली.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं की लोकांना वाटतं कमिशन घेतलं.

पहिली, टॉयलेट. ज्या हॉलच्या अंगणात हे चालतं तिथे एकच आहे आणि कडी लागत नाही, एक मुलगी आत आणि एक बाहेर दार धरून. मुलींचा ग्रुप आहे, निदान कडी तरी लावा हो, मी स्वतः दीदींना म्हटलं मी आणून देते, तर म्हणाल्या हॉलवाल्यांची परवानगी पाहिजे, चार महिने झाले, परवानगी येऊन राहिली.

दुसरी, व्हॉट्सॲप. शनिवारी रात्री साडेदहाला मेसेज की उद्या प्रत्येकीने एक तवा, दोन जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळी आणायची. सुतळी रात्री साडेदहाला! सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, त्या वेळेला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस मिळेल, सुतळी नाही मिळणार.

तिसरी युनिफॉर्मची, यात चूक ग्रुपची अर्धी आणि दुकानाची अर्धी. कुठे घ्यायचा ते नीट लिहून देत नाहीत, मी ज्या दुकानात गेले त्याने स्कार्फच दुसऱ्या रंगाचा दिला आणि वर म्हणतो यही चलता है मॅडम. नाही चाललं. बदलून पण नाही दिला. त्यामुळे आधी दुसऱ्या मुलीचा युनिफॉर्म डोळ्यांनी बघा, फोटो काढा, मग दुकानात जा, नाही तर जुना मागा, मोठ्या झालेल्या मुलींचे तिथे सहज मिळतात, माझ्या धाकटीचा तसाच आहे आणि त्याच्या खिशात आधीच्या मुलीची शिट्टी निघाली, तो तिच्या मते युनिफॉर्मपेक्षा मोठा फायदा.

फी काहीच नाहीये जवळजवळ, छप्पन दुकानला खायला चौघं एकदा जाऊन आलो तर त्याच्यापेक्षा जास्त जातात. कॅम्पचे वेगळे.

कॅम्पवरून आठवलं, डिसेंबरमध्ये एक दिवसाची सहल होती, सकाळी रालामंडलचा डोंगर चढायचा, होळकरांच्या शिकारगाहपर्यंत (शिकारीच्या वेळचं मुक्कामाचं घर), आणि मग खंडवा रोडला एका पालकांच्या शेतावर बिना बर्तनाचं जेवण. म्हणजे भांडं अजिबात वापरायचं नाही, कढई नाही, तवा नाही, काही नाही. आम्हा काही आयांना मदतीला बोलावलं होतं, मदत म्हणजे लांब बसायचं, ते एव्हाना मला जमायला लागलंय. पेटवायला एका टोलीला काड्या फक्त दोन. पहिल्या टोलीची दुसऱ्या काडीवर पेटली, थोरलीच्या टोलीच्या दोन्ही वाया गेल्या, कारण हिने जाडी लाकडंच आधी रचली. मी लांबून बघतेय की अग बाई आधी काटक्या, वाळलं गवत, हे तर मला पण माहिती आहे, पण तोंड बंद. मग शेजारच्या टोलीकडून निखारा मागून आणावा लागला, आणि मागायला हिलाच पाठवलं, नायिकेने. घरात पाण्याचा ग्लास मागताना सुद्धा जिचा मान जातो ती.

मेनूवरून मात्र भांडण झालं. अर्ध्या मुली म्हणे बाफले (कणकेचे गोळे) करू, इंदौरच्या मुली, दुसरं काय म्हणणार. पण बाफला आधी पाण्यात उकळतात आणि मग भाजतात, भांडंच नाही तर उकळणार कशात, हे एका दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आलं, मोठ्यांच्या नाही. मग बाटी, ती न उकळता थेट भाजतात. कणीक पळसाच्या पानांवर भिजवली, कंडे, म्हणजे गोवऱ्या, पेटवून निखारे केले, बटाटे-वांगी त्याच राखेत टाकली. वांग्याचं भरीत पानावरच कुस्करून मीठ, हिरवी मिरची आणि वर जीरावन, आमचा इंदौरी मसाला, ते तेवढं एकीच्या आईने पुडीत बांधून दिलेलं, इंदौरचा माणूस मंगळावर गेला तरी जीरावन घेऊन जाईल. बाटी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. सगळ्यांनी खाल्ली. थोरलीने चार खाल्ल्या, जी घरी पोळीला काळा ठिपका दिसला तर बाजूला काढून ठेवते.

आणि कचरा, ते सांगायलाच नको, आपल्याकडच्या मुलींना ओला-सुका घुट्टीतून पाजलाय, निघताना शेतात पानसुद्धा नव्हतं, राख पाण्याने विझवून हाताने चाचपून बघितली गार झालीय का.

दोघी बहिणींचं भांडण थांबलं का, नाही. तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण थोरली पूर्वी धाकटीला 'जा ना यार' म्हणायची, ती आता टोलीतल्या दुसऱ्या लहान मुलींना जसं शिकवते तसं मधून मधून हिला पण शिकवते, आणि मग आठवतं की ही तर आपलीच बहीण आहे, की परत जा ना यार. बुलबुलला रोज एक भलाईचं काम करायचं असतं, ते धाकटीचं बहुतेक रात्री नऊला आठवतं, मग आजीला पाणी, आजोबांना चष्मा, माझ्या पायाला तेल, एका दमात. मला चालतं.

कोणी पाठवू नये ते पण सांगते. रविवार सकाळ ज्यांची झोपेची आणि पोह्यांची आहे त्यांनी विचार करा, साडेआठ म्हणजे साडेआठ, प्रार्थना सुरू झाल्यावर आलात तर मुलीला बाहेर उभं राहावं लागतं आणि आईला पण. ज्यांना तीन महिन्यांत सर्टिफिकेट आणि स्टेजवर फोटो पाहिजे त्यांच्यासाठी पण नाही, प्रथम सोपानला महिने लागतात आणि त्यात कोणाची ओळख चालत नाही. अगदीच लाजरी मुलगी असेल तर पहिले दोन रविवार रडेल, तिसऱ्याला बघा. आणि तिथे सगळं हिंदीत चालतं, तेव्हा मराठी सुधारेल म्हणून पाठवणार असाल तर उगाच.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक टॉयलेटच्या कडीसाठी कापलाय, कडी लागली की देऊन टाकेन.

नवीन येणाऱ्यांनी दोरी घरूनच न्यावी, तीन मीटरची, सुती, नायलॉनची नको, गाठ घसरते. आमची सध्या गॅलरीत खांब ते खिडकी अशी बांधलेली आहे, धाकटीने बांधली, तिच्यावर दोन ओल्या चादरी आहेत, आणि ती कशी सोडायची ते मला येत नाही, शाळेतून येईपर्यंत थांबायला सांगून गेलीय.