होम असिस्टंटवर आजोबांच्या कॅसेटी: घरच्या फाइली, घरचे स्पीकर, आणि मधे आलेली भानगड

आधीच सांगतो, हा होम असिस्टंटचा (घरातली उपकरणं एका जागेवरून चालवायचं सॉफ्टवेअर) पूर्ण रिव्ह्यू नाहीये. दिवे, पंखे, गीझर यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मला फक्त एवढंच सांगायचंय की ज्या ऑडिओ फाइली नेटवर कुठेच मिळत नाहीत, फक्त आपल्याच घरात आहेत, त्या घरातल्या स्पीकरवर ठरल्या वेळेला आपोआप वाजवायच्या असतील तर हे कितपत जमतं. जमतं. पण पहिले चार दिवस डोकं पिकतं.

आमचं सांगलीत रो-हाऊस आहे. आईचे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि गायचेही. त्यांच्या भजनाच्या अकरा कॅसेटी आईने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या, सगळ्या साठ मिनिटांच्या. त्यातल्या नऊ चालल्या. जुना कॅसेट प्लेअर लॅपटॉपला वायरने जोडला आणि ऑडॅसिटी नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करत बसलो, यात शॉर्टकट काही नाही, जेवढी कॅसेट तेवढा वेळ जाणार म्हणजे जाणार. मग एमपीथ्री केल्या, १२८ केबीपीएस, मोनो. जुन्या टेपवरच्या आवाजाला याच्या वर जाऊन फायदा नाही. एका मिनिटाला साधारण एक एमबी धरा, नऊच्या नऊ कॅसेटी साडेपाचशे एमबीच्या आत बसल्या, म्हणजे फोनवरच्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंपेक्षा कमीच.

आईची मागणी साधी होती. सकाळी सहाला उठल्यावर अण्णांची भूपाळी लागली पाहिजे, आणि मला फोन बघायला लावू नकोस.

होम असिस्टंट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पाउलस स्खाउट्सेन नावाच्या प्रोग्रामरने २०१३ मध्ये हे सुरू केलं, ओपन सोर्स आहे, फुकट आहे, आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन नावाच्या ना-नफा संस्थेकडे आहे. आपल्याच घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, माझं रास्पबेरी पाय ४ वर आहे, टीव्हीच्या मागे चिकटवलंय. ढगात, म्हणजे नेटवरच्या कुणाच्या सर्व्हरवर वगैरे काही नाही, निदान मला तरी तसंच वाटत होतं.

फाइली ठेवायला दोन जागा आहेत आणि इथे बरेच जण घोळ घालतात, मीपण घातला. एक म्हणजे कॉन्फिगच्या, म्हणजे होम असिस्टंटच्या सेटिंगच्या फोल्डरच्या आत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नावाचं फोल्डर करायचं, त्यातली फाइल लोकल असा पत्ता घेऊन उघडते. सोपं आहे, पण फोल्डर पहिल्यांदा केल्यावर रीस्टार्ट मारावा लागतो, नाहीतर फाइल सापडतच नाही. आणि महत्त्वाचं, त्या फोल्डरला पासवर्डचं संरक्षण नसतं, होम असिस्टंट बाहेरून नेटवर उघडं ठेवलं असेल तर ज्याला लिंक माहीत आहे तो सरळ ऐकू शकतो. दुसरी जागा म्हणजे मीडिया फोल्डर, त्यात टाकलेलं सगळं डावीकडच्या मेनूत मीडिया म्हणून दिसतं, तिथूनच स्पीकर निवडून प्ले दाबायचं, आणि लिंक प्रत्येक वेळी सही केल्यासारखी तयार होते, ठरावीक वेळाने बाद होते. घरातल्या माणसांचे आवाज असतील तर मीडियातच ठेवा. सांबाचं (घरच्या नेटवर्कवरून फोल्डर उघडून देणारं) अ‍ॅड-ऑन टाकलं की लॅपटॉपवरून साधं फोल्डर उघडल्यासारखं उघडतं, ओढून टाकायचं, झालं. नावात स्पेस ठेवू नका एवढं ऐका माझं.

तर सगळं टाकलं, हॉलमधला गोल स्पीकर (गूगल कास्टवाला, म्हणजे वायफायवरून वाजणारा) निवडला, प्ले दाबलं. स्पीकर टुंग करून वाजला आणि गप्प. परत दाबलं, परत टुंग. मला वाटलं फाइल खराब आहे, दुसरी लावली, तिसरी लावली, टुंग, टुंग. बायको आतून म्हणाली, देवळातली घंटा बसवलीस का?

दोन रात्री यात गेल्या, आणि चूक माझीच होती. मी समजत होतो की होम असिस्टंट स्पीकरकडे आवाज पाठवतं. तसं नसतंच. ते स्पीकरला फक्त पत्ता देतं, की बाबा अमुक ठिकाणी फाइल आहे, जा आणि घेऊन ये. मग स्पीकर स्वतः पायी जाऊन फाइल आणतो. आणि माझ्याकडे पत्ता होता होमअसिस्टंट डॉट लोकल असा, जो लॅपटॉपला कळतो पण कास्टवाल्या स्पीकरला कळत नाही, कारण ही कास्टची उपकरणं नावाचा पत्ता आपल्या राउटरला न विचारता गूगलच्या डीएनएसला (नावावरून नंबर शोधून देणारी नेटवरची डिरेक्टरी) विचारतात, आणि माझ्या टीव्हीमागच्या डबीचं नाव तिथे कुणाला माहीत असणार! पोस्टमनला 'बंड्याच्या घरी दे' सांगून पुण्याला पाठवल्यासारखं. सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात नेटवर्क, तिथे घरातल्या पत्त्याच्या जागी नावाऐवजी सरळ त्या डबीचा आयपी नंबर (घरच्या नेटवर्कवरचा तिचा नंबर) घातला, राउटरमध्ये तो नंबर कायमचा बांधून टाकला, की लगेच वाजलं. तसंच घरी बनवलेलं सर्टिफिकेट लावून एचटीटीपीएस चालवत असाल तर तेही कास्टवाले मान्य करत नाहीत, घरातल्या घरात साधं एचटीटीपी ठेवा.

हे एकदा डोक्यात बसलं ना, की स्पीकर फक्त पत्त्यावर जातो, की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. काही अडलं की मी आता तो पत्ता आधी फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून बघतो.

मग ऑटोमेशन, म्हणजे ठरल्या वेळेला आपोआप व्हायचं काम. सहा वाजून पाच मिनिटांनी भूपाळी. पहिल्याच दिवशी फजिती. आदल्या रात्री पोराने त्याच स्पीकरवर नाचायची गाणी लावली होती, आवाज ऐंशी टक्क्यांवर तसाच राहिलेला, आणि पहाटे सहा पाचला अण्णांच्या मंडळाचे आठ टाळ आणि पखवाज एकदम सुरू. मी चादरीसकट धावलो. शेजारच्या काकू गॅलरीतून, "काय रे, दिंडी आली का तुमच्याकडे?" तेव्हापासून प्रत्येक ऑटोमेशनमध्ये आधी आवाज पंचवीस टक्क्यांवर आणायचा, मग फाइल वाजवायची, हा क्रम सोडलेला नाही.

पण त्याच सकाळी एक झालं. मी आवाज कमी केला, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात दुधाचं पातेलं. टेपवर अण्णा खाकरले, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पेटी जरा खाली घ्या." आणि अण्णा म्हणाले, "घेतो, घेतो." मग सूर लागला. हे वाक्य मी रेकॉर्ड करताना कापून टाकणार होतो, नको असलेला आवाज म्हणून. आईला ते गाण्यापेक्षा जास्त आवडतं, ती आता मुद्दाम तेवढं ऐकायला थांबते, कापलं नाही ते बरं झालं.

दुसरा उपयोग आमच्याकडे टाकीचा. वरच्या टाकीत सेन्सर आहे, पाणी भरलं की हॉलमध्ये घोषणा होते. मशीनचा आवाजही मराठीत बोलतो, पण तो ऐकून कोणी जागचं हलत नाही. म्हणून आईचाच आवाज फोनवर रेकॉर्ड केला, "अरे मोटर बंद करा, पाणी वाहून चाललंय!" आता सगळे पळतात. फक्त एक अडचण, कास्टवाल्या स्पीकरला जागं व्हायला क्षणभर लागतो आणि छोट्या क्लिपचे पहिले एक-दोन शब्द गिळले जातात, नुसतं "बंद करा" ऐकू यायचं आणि पोरगा टीव्ही बंद करायचा. क्लिपच्या सुरवातीला दीड सेकंद शांतता जोडली की मिटतं.

भजन चालू असताना मधेच टाकीची घोषणा आली की भजन तिथेच संपायचं, परत सुरू व्हायचं नाही. यासाठी म्युझिक असिस्टंट टाकलं, तेही आता त्याच फाउंडेशनखाली आहे. ते घोषणा करून गाणं पुन्हा चालू करतं, प्लेलिस्ट करता येते, शफल होतं, म्हणजे रोज तीच भूपाळी नाही. मात्र फाइलींना टॅग नीट लावलेले पाहिजेत, माझ्या सगळ्या साइड ए, साइड बी अशा नावाच्या होत्या, एक अख्खा रविवार कलाकार आणि अल्बम भरण्यात गेला. कलाकाराच्या जागी अण्णांचं नाव टाइप करताना जरा छान वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या पद्धतीचे स्पीकर एकाच वेळी तंतोतंत जुळवून वाजतील ही आशा सोडा, एकाच जातीचे घ्या.

आता माझी खरी तक्रार. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, कुठेतरी झाड पडून केबल तुटली, तीन दिवस नेट नाही. लाईट होती, वायफाय चालू, रास्पबेरी पाय चालू, फाइल घरात. आणि सकाळी सहा पाचला शांतता. आई म्हणाली, "फाइल घरात, स्पीकर घरात, मग नेट कशाला लागतंय रे?" उत्तर असं की कास्टवाला स्पीकर फाइल वाजवायला जे रिसीव्हर अ‍ॅप वापरतो तेच मुळात नेटवरून उचलतो, नेट नाही तर प्लेअरच नाही. हे मी आईला समजावून सांगितलं, ती म्हणाली मग आपला टेपरेकॉर्डर बरा होता. आता बोला.

त्यावर माझा उपाय असा. माळ्यावर जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर पडून होते. पाय ४ ला हेडफोनचं भोक आहे (पाय ५ ला नाही, घेताना बघा), त्यातून वायर अ‍ॅम्प्लिफायरला, आणि होम असिस्टंटमध्ये व्हीएलसी या प्लेअरचं अ‍ॅड-ऑन टाकलं की पाय स्वतःच एक स्पीकर म्हणून दिसायला लागतो. याला नेट लागत नाही, टुंग नाही, पहिला शब्द गिळणं नाही. बारीक खरखर आहे त्या भोकातून, पण कॅसेटची खरखर त्याहून मोठी असल्याने आमच्याकडे कोणाला पत्ता लागला नाही. आता भूपाळी यावर आणि टाकीची बोंब गोल स्पीकरवर, अशी वाटणी केलीय. अ‍ॅम्प्लिफायरला स्मार्ट प्लग लावलाय, सहाला चालू, सातला बंद.

कोणी घ्यावं? ज्याला फक्त बाजारातली गाणी ऐकायचीत त्याने या वाटेला जाऊ नये, स्पीकरला तोंडी सांगा, तो लावेल. ज्याच्याकडे स्वतःची रेकॉर्डिंग आहेत, आणि आठवडाभर संध्याकाळी खटपट करायची तयारी आहे, त्याने बेलाशक करावं. बॅकअप मात्र बाहेर पेन ड्राइव्हवर ठेवा, मेमरी कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. माझ्याकडून पाचात चार, एक मार्क त्या तीन सकाळींचा कापलाय.

आणि एक विचारायचं होतं, उरलेल्या दोन कॅसेटींच्या टेपवर पांढरी बुरशी आलीय, मी प्लेअरमध्ये घालायची हिंमत केली नाही. त्यातल्या एकीवर आईच्या अक्षरात 'काकडा, अण्णा आणि मी' असं लिहिलंय, म्हणजे आईपण गायलीय त्यात, तिला विचारलं तर हसते नुसती. सांगली-कोल्हापूरकडे अशी टेप साफ करून देणारं कोणी असेल तर कळवा.