घरच्या वर्कशॉपमधील खणांसाठी लेबल प्रिंटर : दीड वर्षाच्या वापरानंतर

घरच्या वर्कशॉपमध्ये माझ्याकडे सात खणांचे एक लोखंडी कपाट आणि प्रत्येकी तीस छोट्या खणांची प्लॅस्टिकची दोन कपाटे, असे एकूण ६७ खण आहेत. त्यांवर लेबले लावण्यासाठी मी दीड वर्षापूर्वी हातात धरून वापरायचा, बॅटरीवर चालणारा आणि मोबाइललाही जोडता येणारा लेबल प्रिंटर घेतला. अशा रचनेचे प्रिंटर अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांचे गुणदोष बरेचसे सारखे असतात, म्हणून येथे कोणत्याही एका मॉडेलचे नाव न घेता त्या प्रकाराविषयी लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वस्तू घेण्यासारखी आहे; मात्र प्रिंटर निवडताना आपण जेवढा विचार करतो, त्याच्या दुप्पट विचार त्यात घालायच्या टेपचा करावा लागतो आणि त्याहूनही अधिक विचार लेबलवर काय लिहायचे याचा करावा लागतो.

टेपचे महत्त्व मला आधीच्या एका खरेदीमुळे कळले. त्यापूर्वी मी खिशात मावेल असा, शाईची गरज नसलेला एक छोटा प्रिंटर आणला होता. त्याच्या कागदावर उष्णतेने काळा होणारा थर असतो आणि प्रिंटरचे तापलेले टोक त्याच थरावर अक्षरे उमटवते. दुकानातली बिले जशी छापतात तसेच. लेबले सुबक आली, पटकन आली आणि पहिले दोन महिने मी समाधानी होतो. मग एके दिवशी ग्रीस लागलेला खण पुसण्यासाठी मी अल्कोहोल लावलेला बोळा फिरवला, तेव्हा लेबलचा तेवढा भाग करडा होऊन त्यावरची अक्षरे बुजून गेली. खिडकीसमोरच्या कपाटावरची लेबले तर कोणीही हात न लावता फिकट झाली. ऊन, उष्णता, तेल आणि सॉल्व्हंट या चारही गोष्टींचे अशा कागदाशी जमत नाही आणि वर्कशॉपमध्ये त्या चारही हजर असतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांसाठी किंवा फायलींसाठी हा प्रिंटर चालेल, हत्यारांच्या खणांसाठी तो घेऊ नये.

आताच्या प्रिंटरमध्ये लॅमिनेटेड टेपची कॅसेट बसते. तिची रचना समजून घेण्यासाठी मी वाया गेलेल्या एका लेबलचे पदर नखाने सोडवून पाहिले. वर एक पारदर्शक पातळ फिल्म असते आणि छपाई तिच्या वरच्या बाजूवर नसून खालच्या बाजूवर, आरशात दिसावी तशी उलटी झालेली असते. प्रिंटरचे टोक रिबनवरची शाई वितळवून या फिल्मच्या पाठीवर बसवते आणि टेप बाहेर पडता पडता त्याच पाठीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारा रंगीत पट्टा दाबला जातो. म्हणजे शाई दोन थरांच्या मध्ये बंदिस्त राहते आणि बोट, बोळा, तेल किंवा घासलेल्या पोलादाची पूड यांपैकी काहीच तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दीड वर्षात मी ही लेबले अल्कोहोलने पुसली, केरोसीनने पुसली, एकावर तर कानस घसरली. वरची फिल्म ओरखडली, पण अक्षर वाचता येते. टेपच्या मागच्या कागदाला मधोमध उभी चीर असते, त्यामुळे लेबल किंचित वाकवले की कागद अलगद सुटतो. ही सोय छोटी वाटेल, पण तेलकट बोटांनी साठ लेबलांची पाठ सोलताना तिचे मोल कळते.

चिकटण्याच्या बाबतीत मात्र साध्या टेपने निराश केले. लोखंडी कपाटावर ती छान बसली. छोट्या खणांवर दोन आठवड्यांत तिचे कोपरे उचलू लागले. हे खण पॉलिप्रोपिलीनचे आहेत. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन यांची पृष्ठऊर्जा कमी असते, म्हणजे डिंक त्यांवर नीट पसरतच नाही. दाणेदार पावडर कोटिंग असलेल्या पत्र्यावरही अडचण येते, पण तिचे कारण वेगळे असते: तिथे टेप फक्त उंचवट्यांना टेकते आणि खळगे रिकामे राहतात. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे जाड डिंकाची, जास्त चिकटणारी टेप घेणे. प्रिंटर निवडण्याआधी त्याच्यासाठी अशी टेप मिळते का, हे जरूर पाहावे. लेबल लावण्यापूर्वी मी आता खण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, पूर्ण वाळू देतो, लेबलचे चारही कोपरे कात्रीने गोलसर करतो आणि मग अंगठ्याने मधून कडेकडे जोराने दाबतो. या डिंकाला पूर्ण पकड घेण्यासाठी निदान एक दिवस लागतो, म्हणून तोवर त्या खणाला हात लावत नाही. अशी लावलेली एकही लेबल अजून निघालेली नाही.

टेपची नासाडी हा या प्रकारच्या प्रिंटरचा खरा दोष आहे आणि तो खोक्यावर कुठे लिहिलेला नसतो. कापणारे पाते छापणाऱ्या टोकाच्या पुढे असल्यामुळे प्रत्येक लेबलच्या आधी सुमारे २५ मिलिमीटर कोरी टेप बाहेर पडते. माझ्या कॅसेटमध्ये ८ मीटर टेप असते. सदुसष्ट लेबले एकेक करून छापली असती तर जवळपास पावणेदोन मीटर, म्हणजे कॅसेटचा पाचवा हिस्सा, कोराच कचऱ्यात गेला असता. ‘चेन प्रिंटिंग’ नावाची एक सोय सेटिंगमध्ये आत दडलेली असते. ती सुरू केली की लेबले एकामागोमाग एक सलग छापली जातात आणि कोरी टेप फक्त पहिल्या लेबलच्या आधी वाया जाते. म्हणून लेबले आधी कागदावर लिहून काढावीत, तपासावीत आणि मग एका बैठकीत छापावीत.

मराठीत लेबले हवी असतील तर आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. माझ्या प्रिंटरच्या कळपाटावर देवनागरी नाही. मोबाइलवरून मात्र मजकूर चित्राच्या रूपात जात असल्यामुळे कोणताही देवनागरी फॉन्ट छापता येतो. अडचण येते ती उंचीची. रोमन अक्षरे एका ओळीत बसतात, तर आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. प्रिंटर एका इंचात १८० ठिपके उमटवतो. ९ मिलिमीटरच्या टेपवर दोन ओळी छापल्या तर ‘स्क्रू’मधला र आणि त्याखालचा ऊकार यांच्यातली फट भरून जाते आणि तिथे नुसता काळा ठिपका दिसतो. १२ मिलिमीटरच्या टेपवर एक ओळ आणि १८ मिलिमीटरच्या टेपवर दोन ओळी, हे प्रमाण मला योग्य वाटले. फॉन्टही जाड न घेता मध्यम वजनाचा आणि मोकळ्या गाठींचा घ्यावा. पटाशी, रंधा, कानस, करवत, गुण्या, पक्कड ही नावे मी आवर्जून मराठीतच छापली, कारण घरातली सगळी माणसे ती त्याच नावांनी मागतात.

आकडे मात्र मी आंतरराष्ट्रीय अंकांत छापले आणि त्यामागे अनुभव आहे. पान्यांवर आणि ड्रिल बिटांवर आकार त्याच अंकांत कोरलेले असतात. पहिल्या खेपेला मी देवनागरी अंक छापले होते, तेव्हा हातातल्या बिटावरचा नऊ आणि लेबलवरचा एक, तसेच बिटावरचा सहा आणि लेबलवरचा सात यांत मंद उजेडात गल्लत होऊ लागली. जो अंक हत्यारावर आहे तोच खणावर असला की डोळ्याला भाषांतर करावे लागत नाही.

लेबलवर काय लिहायचे, हा या सगळ्यातला मला सर्वांत प्रिय भाग आहे. सुरुवातीला मी ‘बोल्ट’, ‘टॅप’, ‘ड्रिल बिट’ अशी नुसती नावे छापली होती. पण खण उघडला की बोल्ट आहेत हे दिसतेच. ते लेबलने सांगण्याची गरज नसते. काम करताना खरा प्रश्न वेगळाच पडतो: या बोल्टला कोणता पाना लागेल, याचे आटे पाडायचे तर आधी भोक किती मिलिमीटरचे पाडायचे, एलन की (बोल्टच्या षट्कोनी खाचेत बसणारी किल्ली) कितीची. म्हणून एम६, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या, बोल्टच्या खणावर आता लिहिले आहे, ‘एम6 × 1.0, भोक 5.0, पाना 10, एलन 5’. एम८ च्या खणावर भोक ६.८, पाना १३, एलन ६. एम५ वर भोक ४.२, पाना ८, एलन ४. भरड, म्हणजे नेहमीच्या, आट्यांसाठी बोल्टच्या व्यासातून पिच (दोन आट्यांमधले अंतर, वरच्या लेबलवरचा 1.0) वजा केली की भोकाचा आकार जवळपास मिळतो. तरीही हातात ड्रिल असताना वजाबाकी करावी लागू नये, हेच बरे. एम१० च्या लेबलवर मी पान्याचे दोन आकडे ठेवले आहेत, कारण जुन्या जर्मन ‘डिन’ मानकाच्या बोल्टला १७ चा पाना लागतो आणि आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ’ मानकाच्या बोल्टला १६ चा, आणि माझ्या खणात दोन्ही आहेत.

लांबीबाबतही लेबल स्पष्ट हवे. साध्या षट्कोनी किंवा एलन बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात, तर काउंटरसंक (खाली निमुळत्या डोक्याच्या) स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, कारण त्याचे डोके लाकडात बुडते. दोन्ही प्रकार एकाच कपाटात असतील तर शेजारच्या दोन खणांवरच्या ‘25’ चा अर्थ सारखा राहत नाही. मी काउंटरसंकच्या लेबलवर डोक्याचे छोटे त्रिकोणी चिन्ह छापतो. अधिक चिन्हाच्या खाचेच्या स्क्रूंमध्येही फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह हे वेगळे ठेवून वेगळे लिहावेत. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मुख्य खाचांच्या मध्ये तिरक्या चार बारीक रेघा असतात, त्यावरून तो ओळखता येतो. दोन्हींचे बिट एकमेकांत वापरले की बिट निसटतो आणि खाच खराब होते. त्यामुळे हा भेद लेबलवर आल्यापासून माझे बरेच स्क्रू वाचले आहेत.

लेबल कुठे लावायचे हेही खणाच्या उंचीवर ठरते. गुडघ्याच्या खाली असलेला खण आपण वरून पाहतो, म्हणून तिथे लेबल दर्शनी भागाच्या अगदी वरच्या काठाला हवे. मधोमध लावलेले लेबल वाचायला वाकावे लागते. छोटे खण आपण पूर्ण बाहेर काढून टेबलावर नेतो, आणि दोन-चार खण एकदम काढले की कोणता कुठला ते कळेनासे होते. यासाठी मी प्रत्येक खणाच्या मागच्या बाजूस आणि चौकटीच्या आत, रिकाम्या झालेल्या जागेत, एकच क्रमांक लावला. घरातल्या दुसऱ्या कोणी खण काढला तरी तो आता न विचारता जागेवर परत जातो.

लोखंडी कपाटाच्या मोठ्या खणांतली हत्यारे वरचेवर बदलतात, म्हणून तिथे मी लेबल थेट न चिकटवता चुंबकीय पट्टीवर चिकटवून पट्टी त्या मापाची कापली. जागा बदलली की लेबल हत्याराबरोबर सरकते. मात्र ॲल्युमिनियमच्या दर्शनी भागावर चुंबक धरत नाही, आणि खण जोरात आपटून बंद करण्याची सवय असेल तर पातळ पट्टी हळूहळू खाली घसरते.

प्रिंटरविषयी उरलेल्या बाबी थोडक्यात सांगतो. त्यात सहा ट्रिपल ए सेल लागतात आणि ते पुष्कळ टिकतात. वापर नसेल तेव्हा ते काढून ठेवावेत. मोबाइल ॲप खाते उघडल्याशिवाय चालत नाही, ही सक्ती मला अनावश्यक वाटते. कॅसेट त्या त्या कंपनीच्या यंत्रातच बसते, त्यामुळे यंत्र घेतले की पुढे कित्येक वर्षे टेपही त्याच घराण्याची घ्यावी लागते आणि कालांतराने टेपचा खर्च यंत्राच्या खर्चाच्या पुढे जातो. म्हणून यंत्र स्वस्त आहे याला फार महत्त्व देऊ नये. हव्या त्या रुंदीची आणि जास्त चिकटणारी टेप सहज मिळते का, ते पाहावे.

ज्यांच्याकडे दहा-बारा खण आहेत त्यांनी हा खर्च करावा असे मी म्हणणार नाही. अक्षरांचे चाक फिरवून प्लॅस्टिकच्या पट्टीवर उठावाची अक्षरे उमटवणारे यंत्र आजही मिळते. डायमो ही त्यातली प्रसिद्ध कंपनी १९५८ मध्ये सुरू झाली. त्यात शाई नसतेच; दाबाने प्लॅस्टिक ताणले जाते आणि ताणलेल्या जागी पांढरे पडते, तेच अक्षर. पट्टी जाड आणि टणक असते, पण फार तापली की ताण सैल होऊन अक्षरे पुसट होतात, आणि चाकावर देवनागरी नसते. त्यापेक्षा मास्किंग टेप आणि पक्क्या शाईचा मार्कर हा उपाय मला अधिक आवडतो. नवीन हत्यारे आली की मीही आधी तोच वापरतो, महिनाभर ती त्या खणात खरोखर राहतात का ते पाहतो आणि मगच लेबल छापतो. लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात सध्या क्लॅम्प आणि सँडिंगचे सामान एकत्र आहे. त्यावर अजून मास्किंग टेपच आहे, आणि क्लॅम्पना भिंतीवर जागा मिळेपर्यंत ती तशीच राहील.