नाशिकहून पहिली डाइव्ह: मालवण की नेत्राणी?

डिसेंबर जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: स्कूबा करायचंय, मालवणला जाऊ की कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर? दोन्हीकडे मी पाण्याखाली गेलोय. माझा उलटा प्रश्न एकच असतो. नुसता पाण्याखाली श्वास घेऊन बघायचाय, की तिथलं जग बघायचंय?

पहिलं हवं असेल तर मालवण. खर्च कमी, कुडाळपर्यंत कोकण रेल्वे, पोहता येत नसलं तरी चालतं. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो, त्यामुळे भीती लवकर जाते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण नद्यांच्या गाळाने ते बरेचदा गढूळ असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीतच जा. एक गोष्ट मात्र मला फार लागली. आमच्या गाईडने खाली बाटलीतून पावाचा चुरा सोडला. काळ्या पट्ट्यांचे मासे मास्कवर येऊन आदळायला लागले, फोटो झकास आले. पण खडकावरचं शेवाळ कुरतडणारे मासे पावाला सोकावले की शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं. टणक प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: माशांना खायला घालता का? होडीचा नांगर प्रवाळावर तर टाकत नाही ना? उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा.

तिथलं जग बघायचं असेल तर नेत्राणी. हे बेट मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर आत. ठाण्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस पकडली की पहाटे मुरुडेश्वर. पुढे होडीत तास-दीड तास हेलकावे, तेव्हा उलटीची गोळी आधीच घ्या. समुद्र खवळला तर होडी सुटतच नाही, एक दिवस हाताशी ठेवा. पण खाली गेल्यावर! पाणी इतकं नितळ की वर होडीचा तळ दिसतो. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो त्याचा कटकट आवाज चक्क ऐकू येतो. कपारीतून मोरे ईल, आपल्या वामीची नातलग, तोंड उघडमीट करत बघत असते. ते रागाने नाही, श्वासासाठी. मी तिच्यासमोर किती वेळ थांबलो होतो, मलाच कळलं नाही.

अंदमान या दोघांहून सरस, पण विमानखर्च पाहता डाइव्हिंगचा कोर्स करायचा असेल तेव्हाच.

मालवणहून स्वतःच्या गाडीने परतणार असाल तर डाइव्ह करून लगेच घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास थांबायला सांगतात. मी घाटालाही तेच लावतो. मुक्काम करा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

खाली पाण्याच्या दाबाने कान दाटतात, म्हणून निघण्याआधी सावरकर जलतरण तलावावर तोंड मिटून, नाक चिमटीत धरून नाकातून हलकेच हवा ढकलत कान मोकळे करायची सवय करून घ्या. आणि नाशिकच्या थंडीने सर्दी धरली असेल, तर कान नीट मोकळे होत नाहीत; तिकीट काढलेलं असलं तरी पाण्याखाली जाऊ नका.