रॉबिन हूड: १९५२चा पाहावा की १९६०चा?

घरातल्या मुलांना जुना, ब्रिटनमध्ये तयार झालेला रॉबिन हूड दाखवायचा म्हटलं की माझ्या मते निवड दोन सिनेमांवर येऊन ठेपते. ‘द स्टोरी ऑफ रॉबिन हूड अँड हिज मेरी मेन’ (१९५२) आणि ‘सोर्ड ऑफ शेरवुड फॉरेस्ट’ (१९६०). दोन्ही रंगीत, दोन्ही दीड तासाच्या आत आटोपणारे. मी दोन्ही आधी एकट्याने पाहिले, मग नऊ वर्षांच्या भाच्याला शेजारी बसवून पुन्हा पाहिले.

आधी १९६०चा घेतो. हॅमर कंपनीचा, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. रिचर्ड ग्रीन १९५५पासून टीव्हीवर रॉबिनच करत होता, त्यामुळे भूमिका त्याच्या अंगात पुरती मुरलेली आहे. चित्रीकरण आयर्लंडमधलं, विकलोच्या परिसरातलं. रुंद पडद्यावरची ती हिरवाई डोळे निववते. आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा अधिकारी आणि रॉबिनचा वैरी, झालाय पीटर कुशिंग. आवाज न चढवता हा माणूस धडकी भरवतो. केवळ त्याच्यासाठी हा सिनेमा एकदा पाहावा, असं मला अजूनही वाटतं.

खटकतं तेही नेमकं त्याच्याच बाबतीत. (शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) शेरीफ मरतो, पण रॉबिनच्या हातून नाही. ज्यांच्याशी त्याने संगनमत केलं, त्यांच्यातलाच एक जण त्याला भोसकतो, आणि शेवटची लढत उरते न्यूअर्कच्या अर्लशी, म्हणजे तिथल्या सरदाराशी. अर्लही काही साधा नाही. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे बडे धर्मगुरू, ह्यूबर्ट वॉल्टर यांच्या खुनाचा कट त्याचाच. पण तोवर आपला सगळा राग शेरीफवर साठलेला असतो, तो ऐन वेळी अर्लवर कसा वळवायचा? तलवारी खणखणू लागल्या तरी भाचा लोडाला टेकूनच होता. “मामा, शेरीफ खरंच मेला? मग रॉबिन आता कोणाशी लढतोय?” मी अर्ल कोण, आर्चबिशप कोण हे समजावत बसलो आणि तेवढ्यात लढाई संपलीसुद्धा. एकट्याने पाहताना मलाही तिथे काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटलं होतं.

१९५२च्या सिनेमात असं होत नाही. युद्धानंतर डिस्नीचा ब्रिटनमधला पैसा बाहेर नेता येत नव्हता, म्हणून कंपनीने तिथेच सिनेमे काढायला घेतले. त्यातला हा एक. दिग्दर्शक केन ॲनाकिन. शेरीफ आहे पीटर फिंच, लहानपणी काही काळ मद्रासला अड्यारमध्ये राहिलेला. कुशिंगचा थंडपणा त्याच्यात नाही, हे मान्यच करायला हवं. पण रॉबिनच्या वडिलांचा जीव घेतो तो याच शेरीफचा माणूस, आणि हिशेब चुकता होतो तो याच शेरीफशी, नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात. नऊ वर्षांच्या मुलाला काही समजावून सांगावं लागत नाही.

इथला रॉबिन रिचर्ड टॉड अंगाने लहानखुरा, पण चपळ. ओढ्यावरच्या ओंडक्यावर काठी घेऊन तो लिटल जॉन झालेल्या धिप्पाड जेम्स रॉबर्टसन जस्टिससमोर उभा राहतो, तेव्हा हा आता पडणार असं आपल्यालाही वाटतं. जोन राइसची मॅरियन, रॉबिनची प्रेयसी, मुलाचा वेश करून जंगल गाठते. आणि ते शिट्टी घालत जाणारे बाण! जंगलात कोणी शिरलं की इशाऱ्याचा बाण सुटतो, त्याची लांबलचक शीळ झाडांवरून जाते आणि रॉबिनची माणसं सावध होतात. भाच्याने तो प्रसंग तीनदा मागे घ्यायला लावला.

एल्टन हेजचा ॲलन-ए-डेल मध्येमध्ये गाऊन कथा पुढे नेतो. काहींना ही गाणी लांबण वाटतील. मला मात्र शाहिराने पुढची हकीकत सांगायला घ्यावी तसं वाटलं.

तुमची आवड वेगळी असू शकते. मुलं नसतील, कटकारस्थानात रस असेल आणि कुशिंग आवडत असेल, तर १९६०चाच लावा. मुलं सोबत असतील तर मी १९५२चा लावीन. फक्त इंग्रजी सबटायटल असलेली प्रत शोधा. ॲलनच्या गाण्यांत गोष्टीचा बराच भाग आहे आणि तो नुसत्या कानांनी सहज पकडता येत नाही.