शॉवर कधी कढत, कधी गार: प्रेशर पंप, थर्मोस्टॅटिक मिक्सर की आधी साधी दुरुस्ती?

डोक्याला शाम्पू लावलेला असतो आणि तिकडे स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडतं. शॉवर एकदम चटका देतो, नाहीतर बर्फगार होतो. यावर दुकानदार थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा नळ, दाखवतो, प्लंबर प्रेशर पंप सुचवतो आणि शेजारचे काका म्हणतात, गिझर बदला. माझं मत आधीच सांगून टाकतो: गिझर बदलायचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. पंप आणि मिक्सर दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, पण एकाच्या घरात जो उपाय लागू पडतो तोच दुसऱ्याच्या घरात डोकेदुखी होतो.

पैसे काढण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा. पहिली, पाणी नेमकं कधी गार होतं? पाच-सहा मिनिटांनी हळूहळू गार होत असेल तर दोष पायपांचा नाही, हिशोबाचा आहे. २५ लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशांचं पाणी असेल आणि नळाचं पाणी २० अंश असेल, तर विसण घालून ४० अंशांचं साधारण ५० लिटर पाणी होतं. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर ओततो म्हणजे सहा मिनिटांचा खेळ. मोठा रेन शॉवर ते चारेक मिनिटांत संपवतो.

दुसरी, बादलीची चाचणी. फक्त गरम नळाने बादली भरायला किती वेळ लागतो आणि फक्त गारने किती, ते बघा. गरमला दुप्पट वेळ लागला तर गरम लाइन कुठेतरी चोंदलीय. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये तर हे ठरलेलंच. गिझरच्या आउटलेटच्या तोंडाशी आणि मिक्सरच्या जाळीत पांढरा क्षार घट्ट बसतो. जाळी काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर टाकली तरी अनेकदा निम्मं काम होतं.

तिसरी चाचणी फार कमी प्लंबर करतात. गिझरच्या इनलेटचा अँगल कॉक पूर्ण बंद करा आणि बेसिनचा गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. ती चालूच राहिली तर गार पाणी मागच्या दाराने गरम लाइनीत शिरतंय. दोषी बहुतेक वेळा झिजलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा खटका) असतो, किंवा बटण दाबून बंद करायचा हँड शॉवर. लोक बटणाने पाणी थांबवतात, पण भिंतीवरचे गरम-गार दोन्ही नळ उघडेच राहतात आणि आतल्या आत दोन्ही लाइनी एक होतात. मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला की हे बंद होतं. खर्च पंपाच्या मानाने किरकोळ. तिन्ही चाचण्या करून दोष सापडला नाही, तरच पुढे वाचा.

पंपाची खरी गरज वरच्या मजल्यावर असते. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार (दाबाचं माप) दाब. गच्चीवरची टाकी शॉवरच्या तीन-चार मीटरच वर असेल तर दाब ०.३ ते ०.४ बार. एवढ्यात फ्लशची टाकी भरू लागली तरी शॉवरच्या वाटणीचं पाणी पळतं. अशा घरात थर्मोस्टॅटिक मिक्सर घेणं म्हणजे पैसे वाया, कारण बहुतेकांना किमान अर्धा ते एक बार दाब लागतो. आधी पंप, मग वाटलं तर मिक्सर. पंप घेताना दाब स्थिर ठेवणारा, म्हणजे इन्व्हर्टर प्रकारचा घ्या. साधा पंप चालू-बंद होताना दाबाला झटका बसतो आणि पाण्याचं तापमान पुन्हा हलतं. शिवाय एखादा नळ गळका असेल तर साधा पंप रात्रभर घुरघुरत राहतो. वीज गेली की दोन्ही पंप सारखेच बंद. गिझर किती दाब सोसतो ते त्याच्या पट्टीवर वाचून घ्या. आणि हो, पालिकेच्या लाइनीवर थेट पंप लावणं बेकायदा आहे. टाकीनंतरच लावा, तोही सोसायटीला विचारून.

मधल्या किंवा खालच्या मजल्यावर दाब भरपूर असतो, तिथे पंपाचं काही काम नाही. तिथे मिक्सर उजवा. त्यात मेणाची छोटी कुपी असते. पाणी तापलं की मेण फुगतं आणि गरमची वाट अरुंद होते. गार पाणी अचानक तुटलं तर गरमही जवळजवळ बंद होतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर मी याच एका कारणासाठी तो घेईन. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत त्वचा भाजतं, आणि सोलरचं पाणी उन्हाळ्यात त्याहूनही कढत येतं. भिंतीबाहेरचा, आडव्या दांड्यासारखा बार प्रकारचा मिक्सर जुन्या वॉल मिक्सरच्या पॉइंटांवर बहुधा बसतो. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या मिक्सरसाठी टाइल्स फोडाव्या लागतात. क्षाराच्या पाण्यात कार्ट्रिज, म्हणजे मेणाच्या कुपीचा आतला भाग, अडकतं, तेव्हा त्याचे सुटे भाग गावात मिळतात का ते आधी विचारा.

गॅस गिझर किंवा तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर मात्र मिक्सर जपून. मिक्सर गरम धार कमी करतो, धार ठरावीक पातळीखाली गेली की गॅस गिझर विझतो, पाणी गार येतं, मिक्सर गरमची वाट पुन्हा मोकळी करतो, गिझर पेटतो. हे चक्र आंघोळभर चालतं.

सोलर असलेल्यांनी पंप घेताना एक ध्यानात ठेवावं. सोलरची टाकी बहुतेक ठिकाणी बिनदाबाची असते, वर हवेची नळी उघडी. तिच्या आधी पंप लावला तर पाणी त्या नळीतून गच्चीवर. फक्त गार लाइनीला लावला तर गार पाणी गरमला मागे रेटतं आणि आधीपेक्षा वाईट हाल. दोन्ही लाइनींचा दाब सारखा वाढला पाहिजे. गरमवरचा पंप गरम पाणी सोसणारा हवा.

बाथरूम नव्याने करणारच असाल तर टाइल्स लागायच्या आधी प्लंबरला दोन गोष्टी सांगा. बाथरूमपर्यंतची मुख्य लाइन अर्ध्याऐवजी पाऊण इंची ठेव. आणि गिझरचं इनलेट व शॉवरचं गार पाणी एकाच फांदीवरून घे, म्हणजे कुणी नळ सोडला तरी दोन्हीकडचा दाब बरोबरीने पडेल. शॉवरची धार थोडी बारीक होईल, चटका बसणार नाही.